जुन्या संगणकावर व्हिडिओ गेमची मॉडनिर्मिती : संकल्पना, पूर्वतयारी व प्रारंभिक कार्यपद्धती

बीजसंज्ञा : मॉड, जुना संगणक, मुक्त स्रोत खेळ, युनिकोड देवनागरी, संगणक साक्षरता

प्रस्तावना

करवीर तालुक्यातील उचगाव हे गाव कोल्हापूर शहरालगत वसलेले असून शिरोली व गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती तेथून जवळच आहेत. अशा परिसरातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी संगणक असलाच, तर तो पुष्कळदा थोरल्या भावंडाने वापरलेला किंवा एखाद्या कचेरीतून विक्रीस निघालेला असतो. दि. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 या कार्यप्रणालीचा नियमित आधार थांबविला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 या सुरक्षा घटकाची व ठरावीक प्रोसेसरची अट असल्याने, उत्तम चालू स्थितीतील अनेक संगणक त्या दिवसापासून 'जुने' ठरले. 'आता यावर काही शिकता येणार नाही' हा समज विद्यार्थ्यांमध्ये आणि काही अंशी आपणा अध्यापकांमध्येही रुजला आहे. परिणामी ज्याच्याकडे नवे यंत्र नाही, तो विद्यार्थी निर्मितीच्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वीच मागे पडतो. प्रस्तुत लेखात व्हिडिओ गेममधील 'मॉड' या संकल्पनेच्या आधारे हा समज तपासला असून, जुन्या संगणकावर या कामाचा प्रारंभ कसा करावा याचे विवेचन केले आहे.

मॉड : संकल्पना व पार्श्वभूमी

तयार व्हिडिओ गेमचा मूळ सांगाडा कायम ठेवून त्यातील चित्रे, ध्वनी, नकाशे, संवाद किंवा नियम यांत वापरकर्त्याने केलेला बदल म्हणजे मॉड होय. बुद्धिबळाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकते, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्यास दोन घरे जाता येते. पट तोच आणि सोंगट्याही त्याच. नियम मात्र बदलला आणि त्याबरोबर डावाची सुरुवातही बदलली. मॉडकर्ता संगणकीय खेळात हेच करतो.

हे शक्य होण्यामागे एक तांत्रिक कारण आहे. बहुतेक खेळांचे दोन भाग असतात. खेळ चालविणारी यंत्रणा म्हणजे 'इंजिन' आणि त्या इंजिनाला पुरविलेली सामग्री म्हणजे 'डेटा'. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीच्या 1993 मधील 'डूम' या खेळात नकाशे, चित्रे व ध्वनी 'वॅड' नावाच्या स्वतंत्र फाईलमध्ये ठेवलेले होते. त्यामुळे मूळ खेळाला हात न लावता आपली फाईल जोडून नवा नकाशा खेळणे सुलभ झाले. 'हाफ-लाइफ' या 1998 च्या खेळावरील मॉड म्हणून 1999 मध्ये 'काऊंटर-स्ट्राइक' तयार झाला व पुढील वर्षी मूळ कंपनीनेच तो अधिकृतपणे प्रकाशित केला. 'एज ऑफ एम्पायर्स 2' वरील 'फॉरगॉटन एम्पायर्स' या हौशी मॉडमधून 2013 मध्ये अधिकृत विस्तार निघाला आणि त्याद्वारे त्या खेळात 'इंडियन्स' ही भारतीय संस्कृती प्रथमच समाविष्ट झाली.

कोल्हापूरला ही वृत्ती परकी नाही. आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी प्रोजेक्टरच्या रचनेचा अभ्यास करून चित्रीकरणाचा कॅमेरा घडविण्याचा उद्योग आरंभिला. 1916 मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यावर बाबूरावांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने तो पूर्णत्वास नेला. पुढे 1920 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. हाती असलेले यंत्र उघडून समजून घेणे व त्यातून नवे काम साधणे ही ती वृत्ती होय.

जुन्या संगणकाची क्षमता ओळखणे

'जुना संगणक' ही ढोबळ संज्ञा आहे. प्रत्यक्षात पुढील चार बाबी पाहाव्यात.

1. मेमरी : 2 जीबी मेमरीवर द्विमितीय खेळ चालू शकतात, 4 जीबी असल्यास खेळ व मजकूर-संपादक दोन्ही एकाच वेळी उघडणे सोयीचे होते. विंडोजच्या 32 बिट आवृत्त्या सर्वसाधारणपणे 4 जीबीपेक्षा अधिक मेमरी वापरू शकत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे.

2. डिस्क : फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क हे संथपणाचे सर्वांत मोठे कारण असते. तिच्या जागी साटा प्रकारची एसएसडी बसविल्यास संगणक सुरू होण्याच्या व फाईल उघडण्याच्या वेळेत लक्षणीय फरक पडतो. खर्च करावयाचाच असेल, तर तो प्रथम येथे करावा.

3. ग्राफिक्स : स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसल्यास त्रिमितीय नवे खेळ टाळावेत. मॉड शिकण्यासाठी त्यांची गरजही नाही.

4. उष्णता : पंख्यातील धूळ साठून प्रोसेसर तापतो व स्वतःचा वेग कमी करतो. सफाई केल्याने पुष्कळसा 'जुनेपणा' दूर होतो.

ज्या संगणकावर विंडोजचा आधार संपला आहे, त्यावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बसविणे इष्ट. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली भारतीय भाषांच्या वापराच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. 1 जानेवारी 2024 पासून 'स्टीम' या खेळविक्री सेवेने विंडोज 7 व 8 यांचा आधार बंद केला असल्याने, जुन्या विंडोजवर तिच्या भरवशावर राहू नये.

खेळाची निवड

नवशिक्याने खेळ निवडताना तीन निकष लावावेत. खेळ यंत्राला पेलणारा असावा, त्याचा डेटा साध्या मजकुराच्या स्वरूपात वाचता यावा आणि बदल करण्यास परवाना अनुकूल असावा. या निकषांवर मुक्त स्रोत खेळ सरस ठरतात. 'फ्रीडूम' हा डूमच्या इंजिनासाठी मुक्तपणे उपलब्ध करून दिलेला डेटा आहे. '0 ए.डी.' या खेळाची कल्पना मुळात 'एज ऑफ एम्पायर्स 2' चा मॉड म्हणून पुढे आली व नंतर तो स्वतंत्र खेळ झाला. त्यात मौर्य साम्राज्याचाही समावेश आहे; मात्र तो त्रिमितीय असल्याने यंत्र थोडे सक्षम हवे. 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा 2003 पासून विकसित होत असलेला पाळीपाळीने खेळावयाचा द्विमितीय युद्धखेळ प्रारंभासाठी विशेष योग्य वाटतो. त्यातील प्रत्येक योद्ध्याची माहिती वाचता येण्याजोग्या मजकुरात लिहिलेली असते. नवी आवृत्ती यंत्रास जड वाटल्यास पूर्वीची आवृत्ती घ्यावी.

प्रारंभिक कार्यपद्धती

वेस्नॉथ गृहीत धरून पुढील टप्पे सुचविता येतील.

पहिला टप्पा प्रतीचा. खेळाच्या संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या नावाने करून ठेवावी व बदल केवळ प्रतीतच करावेत. मूळ खेळ शाबूत असला की प्रयोगाची भीती उरत नाही.

दुसरा टप्पा वाचनाचा. डेटा फोल्डरातील मानवी योद्ध्यांच्या विभागात भालाइताची फाईल उघडावी. त्यात योद्ध्याची किंमत, जीवनशक्ती, चाल व प्रहाराचे बळ स्वतंत्र ओळींत दिसते. काहीही न बदलता ती फाईल व पडद्यावरील योद्धा यांची तुलना करावी.

तिसरा टप्पा एकाच बदलाचा. भालाइताची किंमत निम्मी करून खेळ चालवावा. खेळाडूस आता इतर योद्धे घेण्याचे फारसे कारण उरत नाही आणि सारी व्यूहरचना एकसुरी होते. एका अंकाने संपूर्ण व्यवस्थेचा तोल कसा ढळतो, याचा प्रत्यय येथे येतो. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा दोष नेमका कशामुळे उद्भवला हे कळत नाही.

चौथा टप्पा नोंदीचा. तारीख, फाईल, जुना अंक, नवा अंक व परिणाम अशा पाच रकान्यांची वही ठेवावी. प्रयोगशाळेतील नोंदवहीहून ती वेगळी नाही.

पाचवा टप्पा विलगीकरणाचा. हात बसल्यावर आपले बदल मूळ फाईलमधून काढून 'ॲड-ऑन' या स्वतंत्र फोल्डरात मांडावेत. असा मॉड दुसऱ्याच्या संगणकावरही चालतो आणि नको असल्यास काढून टाकता येतो.

देवनागरीचा प्रश्न

मराठी मॉड करू पाहणाऱ्यास हमखास एक अडचण येते. आपल्या विभागांतून श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर युनिकोड नसतो. तो खेळात चिकटविल्यास निरर्थक चिन्हे उमटतात. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा व फाईल 'यूटीएफ-8' पद्धतीने, शक्यतो 'बीओएम विना', जतन करावी. तथापि एवढ्याने भागत नाही. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर व लेखनात आधी येते आणि जोडाक्षरे जुळवावी लागतात. ही जुळणी करणारा घटक इंजिनात नसेल, तर 'शक्ती' हा शब्द 'शक्‌ती' असा तुटक दिसतो. वेस्नॉथमध्ये या कामी 'पँगो' हा घटक वापरलेला असून तो देवनागरीची जुळणी करू शकतो. म्हणून अनुवादास हात घालण्यापूर्वी जोडाक्षरे व वेलांट्या असलेले एक वाक्य पडद्यावर तपासून पाहावे.

कायदा व सुरक्षितता

प्रताधिकार कायदा, 1957 अन्वये संगणक प्रणाली साहित्यकृतीच्या व्याख्येत येते. त्यामुळे विकत घेतलेल्या खेळावरील मॉडचे वितरण त्या खेळाच्या परवान्यास अधीन असते आणि बेकायदा प्रतीवर अध्यापन करणे शिक्षणसंस्थेस शोभणारे नाही. मुक्त परवान्याचा खेळ निवडल्यास हा पेच राहत नाही. मात्र त्या परवान्याच्या अटीही वाचाव्यात. इतरांचे मॉड घेताना आपोआप चालणाऱ्या फाईली टाळून, मजकूर व चित्रे असलेले मॉड घ्यावेत. परीक्षा, प्रवेश किंवा वेतनाची माहिती असलेल्या संगणकावर हे प्रयोग कदापि करू नयेत.

शैक्षणिक उपयोजन

'खेळामुळे अभ्यास बुडतो' हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच मूल्यमापन खेळण्याचे न करता नोंदवहीचे व बदलाच्या समर्थनाचे करावे. 2009 च्या 'एम्पायर : टोटल वॉर' या खेळात मराठा सत्ता खेळता येते. तो खेळ जुन्या यंत्रास जड असला तरी, अशा खेळातील आपल्या इतिहासाचे चित्रण योग्य आहे का, हा प्रश्न वर्गात घेता येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने गनिमी काव्याचे तत्त्व वेस्नॉथच्या नियमांत कसे मांडता येईल याचा विचार करावा. मराठीच्या विद्यार्थ्याने संवाद लिहावेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने किंमत व मागणीचा संबंध तपासावा. चित्रणाविषयी केवळ नाराजी व्यक्त करण्यापेक्षा पर्यायी मांडणी करून दाखविणे अधिक अभ्यासपूर्ण ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मॉडनिर्मितीच्या प्रारंभासाठी नव्या यंत्रापेक्षा वाचता येणारा डेटा, सुरक्षित प्रत व शिस्तबद्ध नोंद यांची अधिक आवश्यकता असते. या तिन्ही गोष्टी जुन्या संगणकावर साध्य आहेत. महाविद्यालयांनी संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यांतील चालू स्थितीतील पाच-सहा यंत्रे अशा कामासाठी राखून ठेवावीत व जी खरोखर निकामी झाली आहेत, ती ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण यंत्रणेकडे सोपवावीत. संगणक उघडून त्यातील एक अंक बदलण्याचे धाडस ज्या विद्यार्थ्याने एकदा केले, तो पुढे केवळ वापरकर्ता राहत नाही. ही संधी त्याच्या घरातील यंत्राच्या वयावर अवलंबून राहू नये, एवढी व्यवस्था आपण निश्चितच करू शकतो.