चावी काढली, तरी इंजिन थांबेना!

स्कूटरची मूठ पिळली किंवा मोटारीचे पेडल दाबले की आपण म्हणतो, रेस दिली. पेडल तेच, पण त्यामागे घडणारी गोष्ट इंजिनागणिक वेगळी. घरात डिझेलची गाडी असेल तर हा फरक सगळ्यांनाच ठाऊक हवा.

पेट्रोल इंजिनात आपला पाय खरे तर हवेवर असतो. हवेच्या वाटेत एक गोल चकती असते, तीच थ्रॉटल. ती जितकी उघडेल तितकी हवा आत जाते आणि त्या हिशेबाने पेट्रोल मिसळते: साधारण १४.७ किलो हवेला १ किलो. सिग्नलला उभ्या गाडीत चकती जवळपास मिटलेली असते आणि बिचारे इंजिन नाक दाबून श्वास घेत राहते. त्या ओढाताणीतही पेट्रोल जळतेच.

जुन्या आगगाडीच्या ड्रायव्हरचा दांडा बॉयलरमधून येणारी वाफ कमी-जास्त करी. विजेच्या स्कूटरची मूठ तर मोटरला किती वीज द्यायची, एवढा निरोपच धाडते.

डिझेलचे मात्र निराळे. तिथे हवेला अडकाठी नाही. पेडल फक्त डिझेल किती फवारायचे ते ठरवते. ठिणगीही लागत नाही, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. (नव्या गाड्यांत चकती दिसते, पण ताकद ठरवणे हे तिचे मुख्य काम नव्हे.)

धोका इथेच आहे. टर्बोचे सील झिजले की इंजिन ऑइल हवेच्या वाटेने आत शिरू शकते आणि इंजिन तेच जाळू लागते. चावी काढली की डिझेल बंद होते, ऑइल येतच राहते. इंजिन किंचाळत वेग घेते, मागे धुराचा लोट उठतो आणि काही वेळातच इंजिन फुटूही शकते.

अशा वेळी साध्या गीअरची गाडी असेल तर ती थांबवून, ब्रेक घट्ट दाबून, वरचा गीअर टाकावा आणि क्लच सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडते. ऑटोमॅटिक असेल तर ती थांबवून सर्वांना उतरवावे व लांब जावे. जाणकार मेकॅनिक हवेचे तोंड फळीने बंद करतात. आपण बॉनेट उघडून तिथे हात घालू नये.

आणि टर्बोच्या गाडीत ऑइल वारंवार कमी होत असेल, तर नुसते भरून घेऊ नका. ते जाते कुठे, हे मेकॅनिकला विचारा.