पायाखालच्या पत्र्याला भोके पाडताना

सोलापूर भागात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. तो पडला की काळ्या रानात ट्रॅक्टर चालवण्यापेक्षा त्यावर चढणे-उतरणे अवघड होते. बेसाल्ट खडक झिजून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरते, माती फुगते आणि चपलेला लगद्यासारखी चिकटते. हाच लगदा पाय ठेवायच्या लोखंडी पत्र्यावर पसरला की तो वंगणाचे काम करतो. शेजारीच मागचे मोठे चाक असते, म्हणून तेथे पाय घसरणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

मोहोळजवळ शेती करणाऱ्या माझ्या मावसभावाचा पाय असाच घसरला. गुडघ्यावर निभावले. दुसऱ्याच आठवड्यात त्याने पत्रा सोडवून वर्कशॉपमध्ये नेला आणि त्याला 6 मिलिमीटरची चाळीस भोके पाडून घेतली. चिखल खाली पडेल आणि ट्रॅक्टरही थोडा हलका होईल, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात आठ दिवसांत भोके चिखलाने बुजली आणि दोन महिन्यांनी कडेच्या रांगेतून पत्रा चिरला. ‘‘तुमचं विज्ञान काय म्हणतंय, दादा?’’ त्याने विचारले. उत्तर शोधताना शाळेतल्या भौतिकीचा चांगला सराव झाला.

आधी वजनाचे पाहू. पत्रा 40 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 3 मिलिमीटर जाड आहे. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम धरली तर वजन सुमारे 2.8 किलो भरते. चाळीस भोकांतून गेलेले लोखंड फक्त 27 ग्रॅम! दोन टनांच्या आसपासच्या ट्रॅक्टरला याचा पत्ताही लागणार नाही. उलट त्याच पत्र्यावर 2 सेंटिमीटर चिखल साचला तर तो चार किलोंच्या घरात जातो.

मग चिखल भोकातून का पडला नाही? पायाने दाबताना चिखलाला खाली ढकलणारे बल भोकाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. त्याला अडवणारे चिकटण्याचे बल मात्र भोकाच्या आतल्या भिंतीवर, म्हणजे परीघ गुणिले पत्र्याची जाडी यावर अवलंबून असते. व्यास चौपट केला की ढकलणारे बल सोळापट होते आणि अडवणारे केवळ चौपट. म्हणून अनेक बारीक भोकांपेक्षा थोडी मोठी भोके बरी. अर्थात टाच किंवा चपलेचा पुढचा भाग अडकेल इतकी मोठी नकोत.

हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला बर्फात येतो. स्नोमोबाइल हे पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा रबरी पट्टा असलेले वाहन. दोन्ही बाजूंना पाय ठेवायला ॲल्युमिनियमचे लांब पत्रे असतात, त्यांना रनिंग बोर्ड म्हणतात. त्यांवर बर्फ दाबला जाऊन घट्ट होतो. मीटरभर लांब आणि 15 सेंटिमीटर रुंद पत्र्यावर 10 सेंटिमीटर थर साचला, तर पाण्याच्या 0.4 पट घनतेने तो 6 किलो होतो, आणि दोन्ही बाजूंचा मिळून 12. म्हणून हौशी चालक या पत्र्यांना स्वतःच भोके पाडतात. पण पत्रा वाहनाच्या सांगाड्याला मजबुती देत असेल तर चुकीच्या जागी पाडलेले भोक तेथेही महागात पडते.

आता चिरेकडे वळू. एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या अंतर्गत बलाला प्रतिबल म्हणतात. भोक पाडले की तेथील धातू जातो, पण त्याने पेललेला भार जात नाही. तो वळसा घालून भोकाच्या दोन्ही कडांना गर्दी करतो. रुंद पत्रा ताणला असता गोल भोकाच्या कडेला प्रतिबल तिप्पट होते, हे जर्मन अभियंता किर्श याने 1898 मध्ये गणिताने दाखवले. गंमत म्हणजे हे ‘तीन’ भोकाच्या आकारमानावर अवलंबून नाही. छोट्या भोकालाही तिप्पटच. पत्रा वाकवताना हा गुणक कमी असतो, पण नाहीसा होत नाही. ताणाला आडवे लंबवर्तुळाकार भोक असेल तर प्रतिबल आणखी वाढते, हे इंग्लिस यांनी 1913 मध्ये मांडले. अगदी अरुंद लंबवर्तुळ म्हणजेच चीर. 1954 मध्ये दोन कॉमेट प्रवासी विमाने हवेत फुटली. तपासात धातूच्या थकव्याने पडलेल्या चिरांचा उगम कवचातील खिडकीसारख्या झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी सापडला.

एकदाच भार आला तर मऊ पोलाद कडेला थोडे ताणून घेते आणि निभावते. ट्रॅक्टरचा पत्रा मात्र सतत थरथरतो. भावाची भोके पत्र्याच्या वळवलेल्या कडेला लागून, एका रेषेत आणि जवळजवळ होती. टपाल तिकिटांच्या पानावर आपण जे मुद्दाम करतो, तेच येथे नकळत झाले! शिवाय पत्र्याचा ताठपणा त्या वळणातच असतो. 1897 मध्ये धावू लागलेल्या आपल्या बार्शी लाइट रेल्वेसाठी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी दाबून घडवलेल्या पोलादाचे सांगाडे वापरले होते. पोलादाला आकार देऊन वजन वाचवण्याचा तो मार्ग. भोकाची कड दाबून वर उचलली तरी असाच फायदा मिळतो, आणि चपलेला पकडही मिळते.

वर्गात करून पाहा. 4 सेंटिमीटर रुंद कागदी पट्ट्या कापा. निम्म्यांच्या मध्ये पंचिंग मशीनने भोक पाडा. उरलेल्यांत त्याच रुंदीची आडवी चीर ब्लेडने द्या. खाली डबा टांगून हळूहळू वाळू ओता. बहुधा चीर दिलेली पट्टी आधी तुटेल, पण एका पट्टीवर विश्वास ठेवू नका. प्रत्येकी दहा घेऊन सरासरी काढा. चिरेच्या दोन्ही टोकांना भोके पाडली तर काय होईल, हे विद्यार्थ्यांना आधी सांगायला लावा. अनुभवी कारागीर चीर वाढू नये म्हणून तिच्या टोकाला ड्रिल मारतो, ते का, हे त्यांना तेथे उमगेल.

भावाच्या पत्र्यावरही आम्ही आधी तेच केले, पण तो तात्पुरता उपाय होता. पुढे नवा पत्रा घेतला. त्यात 25 मिलिमीटरची बारा भोके एकाआड एक, वळणापासून 5 सेंटिमीटर आत. गॅस कटरने पाडायला मी नको म्हटले, कारण खडबडीत कड म्हणजे चिरेची सुरुवात. ड्रिलिंगनंतर प्रत्येक कड दोन्ही बाजूंनी कानशीने गुळगुळीत केली. त्याला अर्धा दिवस गेला. भाऊ कुरकुरला, पण कानस त्यानेच चालवली.