दुसरा हंगाम कापसाचा की ड्रॅगनचा?

आमच्या आदिलाबादेत ‘हंगाम’ म्हटलं की कापसाचा. दिवाळीच्या आसपास मार्केट यार्डासमोर गाड्यांची रांग लागली की तो सुरू झाला म्हणायचं. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मोबाईलवर ‘हंगाम २’ असं वाचलं, तेव्हा क्षणभर दुसरी वेचणीच आठवली. ती निघाली ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या दुसऱ्या सीझनची ओळख. खालच्या तीन ओळींत ‘घर स्टार्क’ आणि ‘घर लॅनिस्टर’ भांडत होती. मूळची घराणी, भाषांतराच्या यंत्रानं त्यांची घरं करून टाकली.

अद्भुताच्या गोष्टी आम्हाला नव्या नव्हत्या. २ ऑक्टोबर १९८८ ला दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ सुरू झालं आणि २४ जून १९९० ला संपलं. भाग ९४, सीझन एकही नाही. पण हरीश भिमाणींच्या आवाजातला ‘समय’ होता. मागचा रविवार शेतात गेलेल्यालाही तो सांगायचा, कोण कुठे उभा आहे आणि आज काय पणाला लागलंय. गोष्ट सगळ्यांना पाठ, हे त्याला माहीत होतं. म्हणून शेवट लपवण्याचा आव तो आणत नसे.

मग १९९४ मध्ये ‘चंद्रकांता’ आली, देवकीनंदन खत्रींच्या १८८८ च्या कादंबरीवरून. तिची ओळख शीर्षकगीतातच उरकलेली: नौगढ-विजयगढचं वैर, त्यात राजपुत्राचं प्रेम. खलनायक क्रूरसिंगाचं पुढे काय होतं, ते गाण्यानं पोटातच ठेवलं.

२०११ ते २०१९. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे आठ सीझन, ७३ भाग. इथे मोबाईलवर प्रत्येक सीझनची वर्णनं एकाखाली एक मांडलेली, आणि घोटाळा नेमका तिथेच. स्टार्क घराण्याच्या प्रमुखाचं, नेडचं डोकं उडतं पहिल्या सीझनच्या नवव्या भागात. दुसऱ्या सीझनचं वर्णन सुरूच व्हायचं त्याच्या मृत्यूनं. माझा भाचा तेव्हा तिसऱ्या भागावर होता. यादीवरून बोट जरा खाली सरकलं आणि त्यानं विचारलं, “मामा, हा मरतो?” मी काय बोलणार! शेवटचे दोन सीझन सात आणि सहा भागांवर आले, वर्णनं मात्र फुगली. ‘भव्य’, ‘थरारक’, ‘रक्तरंजित’ ही विशेषणं आणि डझनभर नावं; कोण कुणाच्या बाजूनं, याचा पत्ता नाही.

सगळं आधी सांगून टाकणं हा मुळात गुन्हा नाही. आदिपर्वाच्या सुरुवातीलाच ‘पर्वसंग्रह’ आहे. अठरा पर्वांत काय घडतं, अध्याय किती, श्लोक किती, सगळा हिशेब तिथे चोख दिलाय. त्यामुळे कुणी महाभारत ऐकायचं सोडलं नाही, कारण पुढ्यात बसलेल्यांना ते कथा म्हणून तोंडपाठ होतं आणि रसासाठी पुन्हा हवं होतं. तिसऱ्या भागावरच्या पोराचं तसं नसतं. वर्णन लिहिणाऱ्याला समोर कोण बसलंय हे ठाऊक हवं. ‘समय’ला होतं, यंत्राला नव्हतं. नाहीतर कापसाच्या मुलखात त्यानं ‘हंगाम’ लिहिलं नसतं, हाताशी ‘पर्व’ असताना.

भाचा आता नोकरीला लागलाय. नवी मालिका लावताना आधी वर्णनावर अंगठा ठेवतो, मग बटण दाबतो.