ऋत्विक घटक : योगायोगाचे प्रयोजन

ऋत्विक घटक (१९२५–१९७६) यांनी पूर्ण केलेले कथापट अवघे आठ. त्यांतील ‘मेघे ढाका तारा’ (१९६०), ‘कोमल गांधार’ (१९६१) आणि ‘सुवर्णरेखा’ (१९६५) हे तीन चित्रपट फाळणीत्रयी म्हणून ओळखले जातात. या चित्रपटांवर भडकपणाचा आणि अतर्क्य योगायोगांचा आक्षेप घेतला गेला. वास्तववादाचे निकष गृहीत धरले, तर हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. प्रश्न आहे तो ते निकष येथे लागू पडतात का, हा.

‘सुवर्णरेखा’मध्ये निर्वासित ईश्वर हा धाकटी बहीण सीता आणि आईपासून तुटलेला अभिराम यांना वाढवतो. पुढे रेल्वे स्थानकावर मरणासन्न स्त्रीच्या रूपात अभिरामला आई भेटते आणि त्याची ‘खालची’ जात उघड होते. घर हरवलेला ईश्वर जातीची भिंत मात्र जपतो. सीता आणि अभिराम कलकत्त्यास पळून जातात. अभिरामच्या मृत्यूनंतर असहाय झालेल्या सीतेच्या दारी पहिला गिऱ्हाईक म्हणून येतो तो मद्यधुंद ईश्वरच. सीता आत्महत्या करते. संभाव्यतेच्या दृष्टीने हा प्रसंग कृत्रिम ठरेल. परंतु ईश्वर कोणत्याही दारी गेला असता तरी तेथे त्याला बहीणच भेटली असती, हा त्याचा आशय आहे. समूहाच्या अधःपतनाला नात्याचे रूप देणे, हे या योगायोगाचे प्रयोजन होय.

घटकांची जडणघडण भारतीय जननाट्य संघाच्या रंगभूमीवर झाली. ब्रेख्तच्या नाट्यविचाराचा आणि युंगप्रणीत आदिबंधाच्या संकल्पनेचाही त्यांच्यावर प्रभाव होता. म्हणून त्यांच्या चित्रपटांत ध्वनीसुद्धा केवळ वास्तवाची साथ करीत नाही. ‘मेघे ढाका तारा’मध्ये सनतच्या घराचा जिना उतरणाऱ्या नीतेच्या मुद्रेवर चाबकाचे फटकारे ऐकू येतात. ‘कोमल गांधार’मध्ये पद्मेच्या काठी संपलेल्या रुळांवरून कॅमेरा वेगाने धावतो आणि पडदा काळा होतो. त्याच चित्रपटातील नाट्यसंस्था ‘शाकुंतल’ बसवीत असते. शकुंतलेने आश्रम सोडणे हे तेथे भूमी सोडण्याचे रूपक बनते.

मात्र मिथकाचा हा वापर गौरवापुरता नाही, ही बाब समीक्षेत पुरेशी अधोरेखित होत नाही. नीतेच्या व्यक्तिरेखेमागे सर्वांचे पोषण करणारी देवी आणि सासरी निघालेली उमा असे दोन आदिबंध आहेत. कुटुंब तिला देवीपद देते आणि त्याच पदाच्या आधारे तिचे शोषण करते. क्षयाने ग्रासलेली नीता शिलाँगच्या डोंगरांत आपल्याला जगायचे होते, असा आक्रोश करते, तेव्हा ती त्या आदिबंधालाच नकार देते. येथे घटकांचे अतिनाट्य भावविवशतेच्या पलीकडे जाते.

१९६५-६६ या काळात घटकांनी पुण्याच्या चित्रपट संस्थेत अध्यापन केले. मणी कौल आणि कुमार शहानी हे त्यांचे विद्यार्थी. या शिष्यांनी गुरूच्या शैलीचे अनुकरण केले नाही. वास्तववाद हीच चित्रपटाची एकमेव भाषा नव्हे, ही जाणीव त्यांनी स्वीकारली. साहित्याच्या अभ्यासकालाही घटकांच्या चित्रपटांकडून घेण्याजोगे आहे ते हेच : कलाकृतीतील योगायोगाला दोष ठरवण्यापूर्वी तो कोणत्या अनुभवाचा आकृतिबंध आहे, हे तपासले पाहिजे.