विहीर कुणाची, शेत कुणाचे? – मराठीतील षष्ठी आणि इंग्रजीतील ‘ऑफ’

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग सांगायला नकाशा लागत नाही. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे तालुके, आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे घाटाखालचे. सोयरिकीच्या बोलण्यात ‘पोरगी घाटाखालची आहे’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला बोलीपासून कपाशीपर्यंत बरेच काही कळते. या एका शब्दात आपल्या व्याकरणाचा एक मोठा कारखाना चालू आहे, हे मात्र इंग्रजी शिकवायला लागेपर्यंत माझ्याही ध्यानात आले नव्हते.

शब्द सोडवून पाहा. घाट या नामाचे सामान्यरूप ‘घाटा’, त्याला ‘खाली’ हे शब्दयोगी अव्यय, आणि वर षष्ठीचा ‘ची’. स्थळ दाखवणारा शब्दबंध नामाला चिकटवायचा असेल तर मराठीला असा डिंक लागतो: टेबलावरचे पुस्तक, शेतातली विहीर, नागपूरचा पाहुणा. इंग्रजीला तो लागत नाही. ‘द बुक ऑन द टेबल’ म्हटले की झाले. ‘ऑन द टेबल’ नुसते पुस्तकाच्या मागे येऊन उभे राहते. म्हणूनच आमची मुले वर्षानुवर्षे ‘द टेबल्स बुक’ लिहितात. पुस्तक टेबलाच्या मालकीचे होते, आणि गुरुजींची लाल शाई खर्ची पडते. चूक मुलांची खरी, पण ती अडाणीपणाची नाही. मराठीतला ‘चे’ त्यांनी इमानदारीने इंग्रजीत नेलेला असतो.

हा सगळा विचार मला कागदावर आणावासा वाटला तो एका वाटणीपत्रामुळे. निवृत्तीनंतर माझ्याकडे अधूनमधून कुणीतरी इंग्रजी कागद ‘वाचून सांगा’ म्हणून घेऊन येते. दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी आला. त्याच्या वडिलांत आणि थोरल्या काकांत जुनी वाटणी झालेली. वाद पुढे गेला, आणि प्रकरण नागपूरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे न्यायचे म्हणून मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घेतलेले. वाटणीत शेत धाकट्याला गेले होते, पण त्यातली विहीर थोरल्याकडे राहिली होती. मूळ शब्द होते: ‘थोरल्या भावाची शेतातील विहीर’. भाषांतर होते: ‘द वेल इन द फील्ड ऑफ द एल्डर ब्रदर’.

पोराने विचारले, “सर, याच्यात आमचं वावर कुठं गेलं?”

प्रश्न बरोबर होता. इंग्रजी वाक्यात ‘ऑफ द एल्डर ब्रदर’ हे शेपूट जवळच्या ‘फील्ड’ला लागते, म्हणजे शेत थोरल्याचे होते. ते ओढूनताणून दूरच्या ‘वेल’ला लावता येईलही, पण वाचणारा तसे का करील? मराठीत अशी ओढाताण नाही. ‘थोरल्या भावाची शेतातील विहीर’ यात ‘ची’ स्त्रीलिंगी आहे, ती विहिरीकडेच बोट दाखवते. शेत भावाचे असते तर ‘थोरल्या भावाच्या शेतातील विहीर’ असे लिहावे लागले असते. कारण ‘शेता-’ला ‘आत’चा स्पर्श झाला की त्याच्या आधीच्या षष्ठीलाही सामान्यरूप घ्यावे लागते, ‘चे’चा ‘च्या’ होतो. साखळी लांब असली तरी हा हुकूम मागे मागे जातो: ‘माझे घर’, पण ‘माझ्या घरासमोर’, ‘माझ्या मामाचे घर’, पण ‘माझ्या मामाच्या घरासमोर’. आमच्याकडे बोलीत ‘माह्या मामाच्या वावरात’ म्हणतात, तिथेही शिस्त हीच. एका ‘ची’ आणि ‘च्या’मध्ये पाच एकर जमीन इकडची तिकडे होऊ शकते.

आपली षष्ठी विशेषणासारखी वागते, नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते. संस्कृत परंपरेनेही षष्ठीला सहा कारकांत धरलेले नाही, कारण तिचे नाते क्रियापदाशी नसून दुसऱ्या नामाशी असते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. पुढे मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले. शाळेतल्या तक्त्यात मात्र आपण अजूनही ‘षष्ठी – चा, ची, चे’ एवढे पाठ करून मोकळे होतो. ‘च्या’ने काय काम केले ते कुणी सांगत नाही.

इंग्रजीत हे काम शब्दाच्या रूपाने होत नाही, जागेने होते. ॲपॉस्ट्रॉफी एस जिथे उभा असेल त्याच्या पुढचे नाम त्याचे. ‘द वेल इन द एल्डर ब्रदर्स फील्ड’ म्हणजे शेत त्याचे. ‘द एल्डर ब्रदर्स वेल इन द फील्ड’ म्हणजे विहीर त्याची. मी पेन्सिलने हे दुसरे वाक्य लिहून दिले. गंमत अशी की हा एस आता प्रत्यय राहिलेला नाही, तो अख्ख्या शब्दबंधाला शेवटी लागतो. ‘इंग्लंडच्या राजाची बायको’ हे जुन्या इंग्रजीत ‘द किंग्ज वाइफ ऑफ इंग्लंड’ अशा क्रमाने म्हणत. आज ‘द किंग ऑफ इंग्लंड्स वाइफ’ म्हणतात. दिसायला एस इंग्लंडला चिकटला आहे, पण बायको राजाचीच राहते.

भाषांतरकाराला दोष देण्याआधी मी वाटणीपत्र पुन्हा वाचले, आणि थोडा वरमलो. पुढच्या परिच्छेदात होते: ‘थोरल्या भावाच्या शेतातील विहिरीचे पाणी धाकट्याने दिवसाआड घ्यावे.’ आता इथे ‘च्या’ कुणाचा? शेताचाही असेल. पण ‘विहिरीचे’ झाल्यामुळे विहीरही सामान्यरूपात आहे, आणि ‘ची’चा सामान्यरूपातला अवतारही ‘च्या’च. म्हणजे मघाशी आपल्याला वाचवणारी खूण या वाक्यात पुसून गेली. भाषांतरकाराने बहुधा हे वाक्य धरून पहिले लावले. इंग्रजीत मात्र ‘फ्रॉम द एल्डर ब्रदर्स वेल इन द फील्ड’ म्हटले तरी अर्थ हलत नाही, कारण तिथे ‘फ्रॉम’ येवो की ‘इन’ येवो, आतल्या शब्दांवर त्याचा काही परिणाम होत नाही.

तो परिणाम इंग्रजीत फक्त सर्वनामांवर होतो, आणि तिथे आमची मुले दुसऱ्यांदा अडखळतात. मराठीत ‘मीसाठी’ होत नाही, ‘माझ्यासाठी’ होते. (जुन्या मराठीत ‘मजसाठी’ होते, त्यात षष्ठी नव्हती.) ‘माझ्या’ म्हणजे ‘माय’, मग ‘माझ्यासमोर’ म्हणजे ‘इन माय फ्रंट’. हे इंग्रजी मी अर्जांत, निमंत्रणांत, एकदा तर एका मोठ्या समारंभाच्या भाषणातही ऐकले आहे. बरोबर आहे ‘इन फ्रंट ऑफ मी’. पण मग मुले विचारतात, ‘ऑन माय बिहाफ’ कसे चालते? ‘फॉर माय सेक’, ‘बाय माय साइड’ कसे?

मी वर्गात असे सांगायचो: इंग्रजी शब्दयोग्यांच्या पोटातही नामे आहेत, काही जागी आहेत, काही झोपली आहेत. ‘बिसाइड’मध्ये साइड म्हणजे बाजू आहे, ‘बिकॉज’मध्ये कॉज म्हणजे कारण, ‘इन्स्टेड’मध्ये स्टेड म्हणजे जागा. ती झोपली, म्हणून ‘बिसाइड मी’, ‘बिकॉज ऑफ मी’, ‘इन्स्टेड ऑफ मी’. तेच नाम सुटे, जागे असेल तर त्याला मालक लागतो: ‘बाय माय साइड’, आणि थोड्या जुन्या वळणाने ‘इन माय स्टेड’, म्हणजे अक्षरशः ‘माझ्या जागी’. ‘फ्रंट’ हे नाम एरवी चांगले जागे आहे, पण ‘इन फ्रंट ऑफ’मध्ये डोळे मिटून बसले आहे. तेव्हा हा नियम म्हणून वापरू नये, खूण म्हणून वापरावी. बाकी कानाने शिकावे.

लोणारला सहल गेली की मी मुलांना एक खेळ द्यायचो. ‘लोणारच्या सरोवराच्या काठावरचे कमळजा देवीचे देऊळ’ हे मागून पुढे वाचत जा आणि इंग्रजी करा. ‘द टेंपल ऑफ कमळजा देवी ऑन द शोअर ऑफ द लेक ॲट लोणार.’ देऊळ मराठीत शेवटी, इंग्रजीत पहिले; लोणार मराठीत पहिले, इंग्रजीत शेवटी. आपल्या चार ‘च’काऱ्यांपैकी दोन ‘ऑफ’ झाले, एक ‘ॲट’ झाला, आणि ‘काठावरचे’मधला ‘चे’ कुठेच गेला नाही, विरून गेला. चार ‘च’साठी चार ‘ऑफ’ लिहिणाऱ्या मुलाला मी सरोवराला एक फेरी मारायला लावायचो, अर्थात गमतीत.

वाटणीपत्राचे भाषांतर नव्याने करून घेतले. त्यात पहिल्या वाक्याबरोबर ते पाण्याचे वाक्यही मी दोनदा तपासले, आणि विहीर शेताच्या आधी आली आहे याची खात्री केली. पोरगा तो कागद घेऊन गेला. प्रकरण अजून चालू आहे. पाणी सध्या दिवसाआडच घेतात.