भाऊ दुबईत, डोक्यावर कर्ज : पडताळणीच्या फॉर्ममध्ये लिहायचं की नाही?

सातपूर : पेठ, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी तालुक्यांतली बरीच पोरं सातपूरच्या आयटीआयला येतात. अनेकांची नजर ओझरचा एचएएल विमान कारखाना, नाशिकरोडची प्रेस किंवा देवळालीतल्या लष्करी आस्थापनांच्या नोकरीवर असते. निवड झाली की चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात येतो आणि घरात प्रश्न सुरू होतात. भाऊ दुबईला आहे, ते लिहायचं का? कर्ज आहे, ते सांगायचं का? मग कुणीतरी म्हणतं, "कशाला लिहितो, कुणाला कळणार?" नोकरी जाते ती बहुतेक वेळा याच सल्ल्याने.

नातेवाईक आणि पैसा का बघतात?

ओझरला लढाऊ विमानं बनतात, नाशिकरोडला नोटा छापल्या जातात. तिथली माहिती बाहेर काढायची तर आतला माणूस फोडावा लागतो. तो फोडायचे जुने मार्ग दोन : परदेशातल्या जवळच्या माणसावरून दबाव, नाहीतर पैशाचं आमिष. आता मोबाईलवरची अनोळखी ओळख हा तिसरा मार्ग झालाय. ऑक्टोबर 2020 मध्ये विमानांची माहिती पाकिस्तानच्या आयएसआयला दिल्याच्या आरोपावरून राज्याच्या एटीएसने ओझरच्या कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला अटक केली होती.

नियम काय सांगतात?

केंद्र सरकारच्या नोकरीच्या साक्षांकन फॉर्ममध्ये आई-वडील, भाऊ, पती किंवा पत्नी यांचं नाव, राष्ट्रीयत्व आणि पत्ता विचारतात. मुलं परदेशात शिकत किंवा राहत असतील तर तेही लिहावं लागतं. अटक झाली होती का, कोर्टात केस आहे का, हेही विचारतात. त्यानंतर पोलिसांमार्फत पडताळणी होते. गावात पोलीस पाटील, शेजारीपाजारी यांच्याकडे चौकशी होऊ शकते.

नोकरी लागल्यावरही बंधनं असतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांनुसार परदेशी नागरिकाशी लग्न केलं तर लगेच कळवावं लागतं. परदेशात जमीन किंवा घर घ्यायचं तर आधी परवानगी लागते. सतत कर्जबाजारी राहणं आणि दिवाळखोरी टाळावी, असंही हे नियम सांगतात. एचएएलसारख्या सरकारी कंपन्यांचे नियम वेगळे छापलेले असतात. रुजू होताना ते वाचून घ्यावेत.

मग कर्ज असलं की संपलं का?

नाही. बापाच्या नावावरचं पीक कर्ज किंवा स्वतःचा दुचाकीचा वेळेवर भरलेला हप्ता म्हणजे गुन्हा नव्हे. खटकतं ते थकलेलं कर्ज, जुगार, सावकाराचा तगादा आणि पगारात न बसणारा खर्च. भावाने दुबईहून बँकेतून घरी पाठवलेल्या पैशाचा हिशेब दाखवता येतो. कुठून आला ते सांगता येत नाही, असाच पैसा अडचणीत आणतो.

अमेरिकेत 2017 पासून लागू असलेल्या नियमांत अशा परवानगीसाठी 13 मुद्दे तपासतात. परदेशी संबंध आणि आर्थिक स्थिती हे त्यातले दोन. पण तिथेही एका मुद्द्यावर निकाल लावत नाहीत, पूर्ण माणूस बघतात.

लपवलं तर?

खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता ठरू शकते, असा इशारा फॉर्मवरच छापलेला असतो. अवतार सिंग प्रकरणात 2016 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, उमेदवाराने खरी माहितीच दिली पाहिजे. तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ केस लपवली गेली असेल तर मालक ती माफ करू शकतो. पण प्रकरण गंभीर असेल तर नोकरीवर घेतलेल्या माणसालाही काढता येतं.

फॉर्म भरताना

• नातेवाईकांची नावं, पत्ते, देश पासपोर्टप्रमाणे लिहा.
• केस मिटली असली तरी विचारलंय तर लिहा, निकालाची प्रत जोडा.
• कर्जाचे कागद, हप्त्यांच्या पावत्या जपून ठेवा.
• भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स घरी ठेवा. पुढच्या फॉर्ममध्ये उत्तर बदललं तर शंका येते.
• एखादा रकाना कळला नाही तर अंदाजाने भरू नका, कार्यालयात विचारा.