पॉल डिरॅक मार्गावरची चुंबकं

टॅलाहासी ही फ्लोरिडाची राजधानी, पण मायामीचा झगमगाट इथे नाही. हे दाट झाडीत वसलेलं, विद्यापीठाच्या जिवावर चालणारं शहर. पुंजभौतिकीच्या शिल्पकारांपैकी एक असलेले पॉल डिरॅक अखेरची वर्षं इथल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत होते. १९८४ मध्ये इथेच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर नॅशनल हाय मॅग्नेटिक फील्ड लॅबोरेटरी, म्हणजे ‘मॅगलॅब’, उभी आहे.

शक्तिशाली चुंबकांचं हे काम आधी अनेक दशकं एमआयटीत चालायचं. १९९० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनने नवी प्रयोगशाळा फ्लोरिडाला दिली, तेव्हा विज्ञानजगतात मोठा वाद झाला. निर्णय योग्य होता, हे इथल्या चुंबकांनीच सिद्ध केलं आहे.

त्यातलं सगळ्यात नामांकित चुंबक ४५ टेस्लाचं; टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक. रुग्णालयातलं एमआरआय यंत्र साधारण दीड ते तीन टेस्लाचं असतं, यावरून अंदाज यावा. हे सुमारे ३५ टनांचं धूड म्हणजे एकात एक बसवलेली दोन चुंबकं. बाहेरचं अतिवाहक, म्हणजे विजेला विरोध न करणारं, वेटोळं द्रव हेलियममध्ये १.८ केल्विनपर्यंत थंड ठेवलेलं असतं, ते ११.५ टेस्ला देतं. उरलेले ३३.५ टेस्ला आतल्या चुंबकाचे. ते चाळणीसारखी भोकं पाडलेल्या तांब्याच्या मिश्रधातूच्या चकत्या रचून बनवतात. चकत्यांतून प्रचंड वीज वाहते आणि भोकांतून थंड, शुद्ध पाणी जोराने खेळवावं लागतं. एवढा खटाटोप करून मधोमध जागा मिळते ती फक्त ३२ मिलिमीटर रुंदीची. नमुना त्यातच बसवायचा.

त्या पोकळीत २००८ साली लोखंडाचं एक संयुग उतरलं. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोड्यांनी वाहतात आणि विजेला होणारा विरोध संपतो. चुंबकीय क्षेत्र वाढवत गेलं की या जोड्या फुटतात. लोखंड तर चुंबकत्वासाठी प्रसिद्ध, म्हणून त्याच्या संयुगांत चांगला अतिवाहक सापडेल अशी अपेक्षा फारशी कुणी धरत नव्हतं. त्या वर्षी फेब्रुवारीत टोकियोच्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने लँथनम, लोह, आर्सेनिक आणि ऑक्सिजनच्या संयुगात थोडं फ्लोरीन घालून २६ केल्विनला, म्हणजे उणे २४७ अंश सेल्सिअसला, अतिवाहकता दाखवली. काही आठवड्यांतच चीनमध्ये लँथनमच्या जागी समॅरियम घालून हा आकडा ५५पर्यंत गेला.

टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेत बनवलेले लँथनमवाल्या संयुगाचे नमुने टॅलाहासीला आले. तिथल्या डेव्हिड लार्बालेस्टिअर यांच्या चमूने ते ४५ टेस्लापर्यंत तपासले. थंड नमुना तिथेही पुरता नमला नाही! निरपेक्ष शून्याजवळ त्याची मर्यादा साठ टेस्लाच्या पुढे असावी, असा हिशेब निघाला. साध्या सिद्धांतात एवढी मोठी मर्यादा बसत नव्हती. इथे इलेक्ट्रॉनांचे एकाहून अधिक ऊर्जापट्टे मिळून अतिवाहकता घडवतात, असं मानलं तर मात्र ती उलगडत होती. जूनमध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. शोधापासून या निष्कर्षापर्यंत जेमतेम चार महिने लागले. चुंबक आधीपासून तयार होतं, म्हणूनच हे जमलं.

साठ टेस्लाच्या पल्ल्यासाठी मॅगलॅबचीच न्यू मेक्सिकोतली लॉस अलामॉस शाखा आहे. तिथे क्षेत्र सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरतं झेपावतं आणि मोजमाप तेवढ्यातच उरकावं लागतं. मार्च २०१२ मध्ये तिथे चुंबक न फुटता १०० टेस्लाचा टप्पा ओलांडला गेला. बेरियम-पोटॅशियमवाल्या लोह-अतिवाहकाची तपासणीही तिथलीच. त्याचा स्फटिक थरांचा, म्हणून क्षेत्र थरांना समांतर आणि उभं लावल्यावर मर्यादेत मोठा फरक दिसायला हवा होता. अतिशीत तापमानाला तो जवळजवळ नाहीसा झाला. सगळ्या दिशांना सारखं टिकणारं द्रव्य तारांसाठी आणि पुढच्या चुंबकांसाठी किती मोलाचं, हे अभियंत्यांना सांगायला नको.

मला मात्र या जागेचं सगळ्यात मोठं वैभव तिच्या नियमात दिसतं. इथलं चुंबक वापरायला पैसे लागत नाहीत. प्रस्ताव पाठवायचा, तज्ज्ञ तो पारखतात आणि पसंत पडला की वेळ मिळतो. अट एकच, निष्कर्ष प्रसिद्ध करायचे. परदेशी संशोधकही प्रस्ताव पाठवू शकतात. घनद्रव्य भौतिकीत काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी मनात चांगला प्रश्न असेल तर बिचकू नये, प्रस्ताव पाठवावा.